दुसऱ्या पानाचा तिसरा रकाना

फाइल निळी होती आणि तिला सहा रंगीत खुणपट्ट्या लावलेल्या होत्या. ग्रंथालयात एकवीस वर्षं काढलेल्या बाईच्या हातून फाइल तयार झाली की ती अशीच होते. सगळ्यात वर टाइप केलेला एक कागद होता: 'वडिलांच्या तक्रारी, क्रमवार'. एक ते अकरा. हा कागद तिनं रविवारी बसून चार वेळा दुरुस्त केला होता. पाचव्यांदा वाचताना तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता, पण हे तिनं कुणापाशी कबूल केलं नसतं.

शेजारी बाबा बसले होते. उजवा हात हनुवटीखाली, मान जरा मागे टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. समोरच्या बाकावरच्या एका बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि 'बिचारे' अशा अर्थानं मान हलवली. गेले पाच महिने लोक असंच पाहत होते. बायको गेल्यापासून हा माणूस हनुवटीला हात लावून बसला आहे, हे साऱ्या नात्यागोत्यात ठरून गेलं होतं. आत्या फोनवर म्हणायची, "दादा पहिल्यापासून हळवा गं. वहिनीवर जीव टाकणारा. आता त्याला अन्न गोड लागायचं नाही." आणि खरंच, अर्धं ताट तसंच राहायचं. संध्याकाळ झाली की त्यांचा आवाज दाटून यायचा, नाकातून यायचा, शब्द ओल्या कागदांसारखे एकमेकांना चिकटायचे. मग ते बोलणं सोडून देत आणि भिंतीकडे तोंड करून बसत. तीही स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची. एका घरात दोघांनी एका वेळी रडत बसू नये, एवढी शिस्त आईनं लावून ठेवली होती.

पहिल्या डॉक्टरांना तिनं खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं होतं, "आई गेल्यापासून हे असे आहेत." पुढचं त्यांनी विचारलंच नाही. चार मिनिटांत चिठ्ठी हातात पडली. सकाळी मनाला उभारी यायची गोळी, रात्री झोपेची. त्याला दोन महिने झाले आणि बाबा जास्तच मिटत चालले. मागच्या आठवड्यात पाण्याचा घोट त्यांच्या नाकातून परत आला, तेव्हा मात्र तिनं दुसरा डॉक्टर शोधायला घेतला. ग्रंथालयातल्या शिपाईमामांनी हा दवाखाना सुचवला. "बाई औषध कमी देतात," ते म्हणाले, "पण विचारतात फार."

सायकलींच्या दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत तीन बाक, वजनाचा काटा, भिंतीवर घड्याळ. बाकांवर सात माणसं होती आणि आत गेलेला माणूस बाहेर यायचं नाव घेत नव्हता. एका गृहस्थानं तिसऱ्यांदा घड्याळाकडे बोट दाखवलं, तेव्हा टेबलाशी बसलेल्या सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "घाई असेल तर खाली सायकलवाला आहे. तो पाच मिनिटांत पंक्चर काढून देतो."

बाबांच्या तोंडाची डावी कड किंचित हलली. आधीच्या दिवसांत या वाक्यावर ते मोठ्यानं हसले असते आणि घरी येऊन सिस्टरांच्या आवाजासकट आईला करून दाखवलं असतं.

आवाज हेच त्यांचं भांडवल होतं. अडतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मजकूर वाचायचं काम केलं. समोर मुद्रितशोधक छापलेला कच्चा कागद घेऊन बसायचा आणि बाबा लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचायचे, म्हणजे छापताना काय सुटलं, काय बदललं ते कळायचं. वाचायचं म्हणजे सगळंच, विरामचिन्हांसकट. गल्लीत त्यांना 'रेडिओ' म्हणत. आई सांगायची, "लग्नानंतर आठवडा झाला नसेल, हे झोपेत म्हणाले, 'अवतरण चिन्ह सुरू.' आणि गप्प. मी पहाटेपर्यंत जागी, अवतरण चिन्ह कधी बंद होतंय म्हणून."

त्यांचा नंबर आला तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते.

*

आतली खोली लहान होती. टेबलाच्या कोपऱ्याला लागून एक खुर्ची होती, तिथे बसलेल्या माणसाचा गुडघा जवळजवळ डॉक्टरबाईंच्या गुडघ्याला लागावा इतकी जवळ. दुसरं एक स्टूल भिंतीपाशी, चांगलं चार पावलं लांब. बाईंनी बाबांना खुर्ची दाखवली आणि तिला स्टूल. बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. हातात पेन नव्हतं, पेन्सिल होती.

तिनं स्टूलावर बसण्याआधी फाइल पुढे केली. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, "छान लावली आहे," असं म्हणाल्या आणि टेबलाच्या लांबच्या टोकाला पालथी ठेवून दिली.

"काय होतंय काका?"

"आई गेल्यापासून," ती म्हणाली, "म्हणजे एप्रिलपासून, यांना..."

बाई तिच्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. "या वहीत तीन पानं असतात," त्या म्हणाल्या. "पहिलं ज्याला होतंय त्याचं. दुसरं सोबत आलेल्याचं. तिसरं माझं. तुमचं पान कोरं ठेवलेलं आहे, ते कुठे जात नाही. तोवर जरा कळ काढा." मग पुन्हा बाबांकडे वळून त्याच सुरात, "काय होतंय?"

घड्याळ बाहेरच्या खोलीत असूनही ऐकू येत होतं. तिला ठाऊक होतं, बाबांना सुरुवात सापडत नाही. घरी ती त्यांना लगेच सुरुवात काढून द्यायची. 'झोप लागत नाही का?' 'भूक नाही ना?' 'आईची आठवण येते का?' आणि बाबा मान हलवायचे, आणि ती लिहून घ्यायची. अकराच्या अकरा तक्रारी अशाच लिहिल्या होत्या. आता जीभ दाताखाली धरून ती स्टूलाची कड पकडून बसली. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले. एखादा माणूस गाडीची वाट बघतो तशा, येणारच हे धरून, त्या बसून राहिल्या.

"मला," बाबा अखेर म्हणाले, "वर्तमानपत्र पुरत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वाचून संपत नाही. मी संपतो."

बाईंनी पेन्सिल उचलली आणि हेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं. तिला स्टूलावरून दिसत होतं. अकरा तक्रारींत हे वाक्य कुठेच नव्हतं.

मग बाबांनी जे सुरू केलं ते ऐकून तिची नजर दाराकडे गेली, कारण ते थेट छापखान्यात पोचले. समोर बसणारा मुद्रितशोधक, त्याला सगळे चष्मेवाले म्हणत, जेवणानंतर हटकून डुलक्या घ्यायचा. एकदा मालक जिना चढत असताना बाबांनी वाचण्याचा सूर तसूभर न बदलता म्हटलं, "आता उठा स्वल्पविराम मालक येताहेत पूर्णविराम." आणि चष्मेवाल्यानं डोळे न उघडताच कागदावर खूण केली.

बाई मनापासून हसल्या. बाहेर सात माणसं खोळंबली होती आणि या बाई हसत होत्या. तिला वाटलं, आता म्हणतील, 'बरं, मुद्द्यावर या.' पण त्यांनी विचारलं, "तेव्हा दिवसाला किती वाचत होतात?"

"सहा तास. जास्तसुद्धा."

"आवाज बसायचा?"

"छे! घसा कोरडा व्हायचा. पाणी प्यायलो की पुन्हा सुरू."

"आणि आता?"

"आता पहिलं पान खणखणीत जातं. दुसऱ्या पानाच्या तिसऱ्या रकान्यात बोबडी वळायला लागते. चौथ्या रकान्यात माझं मलाच कळत नाही काय वाचतोय. थांबलो, पडून राहिलो, चहा झाला, की परत येतो आवाज. पण मग दीड रकानाच पुरतो."

"रोज तिसऱ्याच रकान्यात?"

"तिसऱ्या म्हणजे..." बाबांनी क्षणभर हिशेब केला. "जाहिरात मोठी असेल तर चौथ्या."

पेन्सिल चालत राहिली. ती स्टूलावर खिळून बसली होती. रोज संध्याकाळी बाबांचा आवाज दाटतो हे तिला माहीत होतं. तो रकाना मोजून दाटतो हे तिला माहीत नव्हतं, कारण दाटायला लागला की ती उठून नळ सोडायला जायची.

"काका, दुःख झालं की गळा भरून येतो ना, तसं असतं का हे?"

बाबांनी हनुवटीचा हात काढला, हे सांगायला हात मोकळा लागतो असं वाटल्यासारखा. "बाई, मला सगळे तेच सांगतात. मी काय लहान आहे? मला रडू कळतं. सकाळी तिच्या कपाटाशी उभा राहतो तेव्हा रडतो ना मी. चांगला रडतो. तेव्हा आवाज शाबूत असतो. रडायला माझा आवाज जात नाही. वाचायला जातो."

हेही बाईंनी शब्दशः लिहिलं. मग त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "हात हनुवटीला का लावता?"

इतका सोपा प्रश्न. पाच महिन्यांत कुणी विचारला नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

"जबडा उघडा पडतो," बाबा म्हणाले. "दुपारनंतर. धरून ठेवावा लागतो."

"जेवताना?"

"भूक लागते हो. पाच-सात घास नीट जातात. मग चावायला ताकद उरत नाही. हिला वाटतं मला अन्नावर वासना नाही. भूक आहे, जबडा नाही." आणि मुलीकडे न पाहता, तिचा कैवार घेतल्यासारखं, "हिचा स्वयंपाक उत्तम असतो."

बाई थांबून थांबून, घाई न करता, एकेक दार वाजवावं तसं विचारत गेल्या. जिना चढताना? केस विंचरताना हात दुखतात का? श्वास पुरतो का, आडवं पडल्यावर? पाणी नाकातून किती वेळा आलं? प्रत्येक उत्तरानंतर 'आणि सकाळी?' आणि प्रत्येक वेळी बाबा म्हणत, सकाळी बरं असतं. एकदाही त्यांनी उत्तर बाबांच्या तोंडात घातलं नाही. स्टूलावर बसून हे ऐकताना तिला पुस्तकांच्या कपाटातला एक जुना अनुभव आठवत होता. वर्षानुवर्षं चुकीच्या खणात लागलेलं पुस्तक कुणी तरी हात घालून बरोबर बाहेर काढतं. आपण त्या कपाटासमोरून रोज गेलेलो असतो.

"डोळ्यांचं काही?"

"डोळे ठणठणीत," बाबा म्हणाले. "छपाई बिघडली आहे."

"कसली छपाई?"

"वर्तमानपत्राची! एका ओळीवर दुसरी ओळ. सावली पडल्यासारखी. आमच्या मालकानं असला कागद बाहेर जाऊ दिला नसता. मी संपादकांना दोन पत्रं लिहिली."

"दोन?" बाईंनी विचारलं.

"एकाचंही उत्तर नाही."

दोन्ही पत्रं तिनं स्वतः पेटीत टाकली होती. बाबांना काही तरी विरंगुळा मिळाला, म्हणून तिला बरं वाटलं होतं.

"वर्तमानपत्र कधी येतं तुमच्याकडे?"

"सकाळी सहाला."

"सकाळी बघितलं तर छपाई कशी असते?"

"सकाळी चांगली अस..." बाबा थांबले. त्यांचे अर्धे मिटलेले डोळे बाईंवर स्थिर झाले. कागद तोच असतो, हे त्यांच्या ध्यानात येत होतं, आणि ते येताना तिला दिसत होतं. "अरेच्चा," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्या संपादकांना मी काय काय लिहिलं!"

"एक डोळा झाकून बघितलंत कधी?"

बाबांनी तळहात डाव्या डोळ्यावर धरला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. काढला. पुन्हा धरला. "झाकला की एकच," ते हळूच म्हणाले.

*

"हे सगळं कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"एप्रिलपासून," तिच्या तोंडून निघून गेलं. तिनं लगेच ओठ मिटले.

"नाही," बाबा म्हणाले. "त्याच्या आधी. थंडीत."

तिनं मान वर केली. थंडीत आई होती. धडधाकट होती. एप्रिलमध्ये एका दुपारी ती कपडे वाळत घालताना खाली बसली आणि उठली नाही. थंडीत काहीच नव्हतं.

"थंडीत काय झालं?"

बाबांचं या वेळचं थांबणं पहिल्यासारखं नव्हतं. आता सुरुवात सापडत नव्हती असं नाही, ती हातात होती आणि सोडवत नव्हती.

"आमच्याकडे रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायची पद्धत होती," ते म्हणाले. "मी वाचायचो, ती ऐकायची. निवडत, शिवत, काही ना काही करत. चाळीस वर्षं. थंडीत एक दिवस मी दुसऱ्या पानावर आलो आणि तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला. 'द्या इकडे,' म्हणाली. आणि स्वतः वाचायला लागली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग रोजचंच झालं. पहिलं पान माझं, दुसरं तिचं." त्यांनी हनुवटी पुन्हा हातात घेतली. "मी काही बोललो नाही. चाळीस वर्षं एकच आवाज ऐकून माणूस कंटाळणारच. मला वाटलं, तिला आता माझं वाचणं नको झालंय."

तिला आठवलं. रविवारी ती घरी जायची तेव्हा आई वाचताना दिसायची आणि बाबा छताकडे बघत ऐकत असायचे. म्हातारपणी दोघांनी वाटणी केली, किती गोड, असं तिला वाटलं होतं. तिनं ते एका मैत्रिणीला सांगितलंही होतं.

"त्या फक्त 'द्या इकडे' म्हणाल्या?" बाईंनी विचारलं. "अजून काही?"

"काय म्हणणार?"

"तुम्ही मूळ प्रत वाचणारे आहात काका. शब्द सोडू नका. आठवा."

बाबांनी डोळे मिटले. "'द्या इकडे,'" ते म्हणाले. आणि मग, "'द्या इकडे, दमलात.'"

बाईंनी लिहिलं. पान भरलं होतं. त्यांनी वही उचलून डोळ्यांसमोर धरली. "आता मी हे तुम्हाला वाचून दाखवते. माझी रीत आहे. माझ्या हातून काही बदललं असेल तर तुम्ही सांगायचं."

"तुम्ही वाचणार?" बाबांच्या आवाजात जुना ताठा आला. "मूळ प्रत माझी. द्या इकडे."

हे शब्द आपण कुणाचे उच्चारले ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. तिच्या आलं. बाईंच्याही आलं, कारण वही देताना त्यांचा हात क्षणभर थबकला.

बाबा ताठ बसले. वही योग्य अंतरावर धरली आणि वाचू लागले. खोलीचं वजनच बदललं. किती दिवसांनी हा आवाज तिनं ऐकला होता. खालच्या पट्टीतला, भरीव, एकेका शब्दाला जागा करून देणारा. "वाचून संपत नाही पूर्णविराम मी संपतो पूर्णविराम." बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. त्या नुसत्या ऐकत नव्हत्या, बाबांच्या चेहऱ्याकडेही बघत होत्या. बाबांनी छापखाना वाचला, रकाने वाचले, जबडा वाचला. अर्ध्या पानावर 'स'ची धार गेली. मग आवाज नाकाकडे वळला. "पाणी नाकातून तीन वेळा..." इथे शब्द घरंगळले. डावी पापणी हळूहळू खाली आली, दुकानाचं शटर ओढल्यासारखी, आणि निम्म्या बुबुळावर येऊन राहिली. बाबा वाचत होते, तोंड हलत होतं, पण आता जे येत होतं ते शब्द नव्हते.

तिचे पाय आपोआप उठायला निघाले. या क्षणी ती रोज नळापाशी जायची.

"बसा," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि बघा."

ती बसली. तिनं बघितलं. बाबांच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

बाईंनी वही त्यांच्या हातातून सावकाश काढून घेतली. "बोलू नका. काहीच करू नका. सिस्टर, बर्फ आणा."

सिस्टरनी एका रबरी हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरून आणले. मोज्याची पाच बोटं फुगली होती. "यांच्याशी हात मिळवा काका," त्या म्हणाल्या. बाईंनी तो मोजा रुमालात गुंडाळून मिटलेल्या डाव्या पापणीवर धरला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. दोन मिनिटं. खालून सायकलच्या घंटीचा आवाज आला. कुणी तरी घंटी नीट वाजते का ते पुन्हा पुन्हा बघत होतं.

मोजा काढला. "उघडा डोळे."

डावा डोळा उघडला. पूर्ण उघडला. उजव्या डोळ्यापेक्षाही मोठा. पाच महिन्यांत तिनं बाबांचे डोळे असे पाहिले नव्हते, आणि आपण ते पाहत नाही हेही तिला ठाऊक नव्हतं.

"आता आवाज आला असेल थोडा," बाई म्हणाल्या. "शेवटच्या तीन ओळी राहिल्यात. वाचून टाका. अर्धवट प्रत मला चालत नाही."

बाबांनी वही घेतली. घसा साफ केला. "सुरुवात दोन टिंबं थंडीत स्वल्पविराम पत्नी हयात असताना पूर्णविराम. सर्वप्रथम पत्नीच्या लक्षात आलं पूर्णविराम." इथे ते थांबले. पुढची ओळ त्यांनी आधी डोळ्यांनी वाचली, छापखान्यात कधी वाचली नसेल तशी. मग मोठ्यानं. "अवतरण चिन्ह सुरू द्या इकडे स्वल्पविराम दमलात अवतरण चिन्ह बंद. असं म्हणून ती रोज दुसरं पान स्वतः वाचत असे पूर्णविराम."

त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून शर्टावर पडत होतं. आणि आवाज जराही हलला नव्हता.

*

बाईंनी त्यांना रडू दिलं. मग पेन्सिल उलटी धरून टेबलावर समजावून सांगितलं. मेंदू स्नायूला निरोप धाडतो. निरोप बरोबर निघतो, पण स्नायूच्या दाराशी तो घ्यायला माणसं कमी पडताहेत. पहिले काही निरोप पोचतात, मग दार बंद. विसावा घेतला की पुन्हा थोडं उघडतं. "मला असं वाटतंय. नाव आज सांगत नाही, रक्त तपासू, मज्जातंतूंच्या डॉक्टरांना उद्याच दाखवा, मी फोन करते. तेच असेल तर त्याला गोळ्या आहेत आणि चांगल्या आहेत. झोपेची गोळी आजपासून बंद. आणि श्वास कमी पडला, गिळता येईना झालं, तर रात्र असो की दिवस, थेट इस्पितळ. त्यात हयगय नको."

"म्हणजे हे दुःख नाही?" तिनं विचारलं.

"दुःख आहे ना," बाई म्हणाल्या. "आत्ता पाहिलंत की. पण ते वेगळ्या पानावर लिहायचं." आणि त्यांनी वहीचं पान उलटलं. "आता तुमचं. बोला."

तिनं टेबलाच्या टोकाला पालथ्या पडलेल्या निळ्या फाइलकडे पाहिलं. अकरा तक्रारी, क्रमवार. त्यातली एकही तिला उच्चारावीशी वाटेना.

"मी विचारलंच नाही कधी," ती म्हणाली. "मला वाटलं, मला माहीत आहे."

बाईंची पेन्सिल कागदावर टेकली नाही. "ते मी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "इथे फक्त लक्षणं लिहिते."

मग मात्र तिनं सांगितलं. मागच्या महिन्यात बाबा शिट्टी वाजवायला गेले आणि हवा नुसतीच बाहेर आली. फोनवर आत्याशी बोलताना सुरुवातीला हसतात, शेवटी 'हं, हं' एवढंच करतात. बाई लिहीत गेल्या, आणि तिला जाणवलं की बघितलेलं सगळं होतं आपल्यापाशी. फक्त त्यावर चिठ्ठी भलतीच लावली होती. निघताना बाईंनी फाइल परत दिली. "यातले रक्ताचे जुने रिपोर्ट उद्या त्या डॉक्टरांना लागतील, घेऊन जा. मेहनत वाया गेली नाही."

बाहेर सात माणसांपैकी तिघं कंटाळून निघून गेली होती, चार उरली होती. घड्याळ दाखवणारे गृहस्थ अजून तिथेच होते. बाबा त्यांच्यापाशी थांबले. "बसा," त्यांना म्हणाले. "वेळ लागतो. पण पंक्चर सापडतं."

*

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. बाबांनी हातपाय धुतले, थोडा वेळ आडवे झाले, आणि उठून सकाळचं वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसले. ती दाराशी उभी होती.

"अगं, बस ना," बाबा म्हणाले. "उभ्यानं काय ऐकतेस?"

ती आईच्या जागी बसली नाही, तिच्या शेजारच्या स्टूलावर बसली. बाबांनी पहिलं पान वाचलं. खणखणीत. पान उलटलं. पहिला रकाना, दुसरा. तिसऱ्यात शिरताना 'स'ची धार गेली, आणि तिच्या पायांना उठायची सवय आठवली. ती उठली, पण स्वयंपाकघराकडे गेली नाही. तिनं हात पुढे केला.

"द्या इकडे," ती म्हणाली. पुढचा शब्द म्हणायचा की नाही हे तिला ठरवता येईना. तो आईचा होता.

बाबा तिच्याकडे बघत राहिले, एक डोळा अर्धा, एक उघडा. मग त्यांनीच तो शब्द म्हटला, जड जिभेनं, पण समजेल असा. "दमलो."

आणि कागद तिच्या हातात दिला.

ती वाचू लागली. वाचनाची तिला सवय होती, पण ती मनातल्या मनात वाचायची. मोठ्यानं वाचताना शब्द अंगावर येत होते, वाक्यं एकमेकांत घुसत होती. चौथ्या रकान्याच्या मध्यावर बाबांनी खुर्चीच्या हातावर बोटानं टकटक केली.

"पूर्णविराम होता तिथे," ते नाकातून, बोबडं, पण अगदी स्पष्ट नापसंतीनं म्हणाले. "कसली गाडी पकडायची आहे? परत वाच."

तिनं परत वाचलं.